आयताची मालकी कुणाची?

ऑक्टोबर २०११. कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या फेडरल कोर्टात अ‍ॅपल विरुद्ध सॅमसंग या खटल्याची सुनावणी चालू होती. न्यायाधीश ल्यूसी को यांनी दोन्ही हातांत एकेक टॅब्लेट घेऊन डोक्यावर उंच धरले. एक होता आयपॅड, दुसरा सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब १०.१. मग त्यांनी सॅमसंगच्या वकील कॅथलीन सलिव्हन यांना विचारलं, यातला तुमचा कुठला ते ओळखता येतंय का? सलिव्हन साधारण दहा फुटांवर उभ्या होत्या. एवढ्या अंतरावरून नाही ओळखता येणार, असं त्या म्हणाल्या. थोड्याच वेळात सॅमसंगच्या दुसऱ्या एका वकिलाने बरोबर ओळखलं, पण तोवर बातमी तयार झाली होती.

ही बातमी तुम्ही तेव्हा वाचली असेल, तर बहुतेक मनातल्या मनात निकालही लावून टाकला असेल. स्वतःच्याच वकिलाला ओळखता येत नाही म्हणजे नक्कल केलीच आहे, आणखी पुरावा कशाला हवा?

मी संशोधनात काम करते. मला या किश्श्यात निकाल दिसत नाही, एक चुकीच्या पद्धतीने केलेला प्रयोग दिसतो. आमच्या लॅब मीटिंगमध्ये हा प्रयोग कुणी मांडला असता तर पहिला प्रश्न आला असता: कंट्रोल कुठे आहे? त्याच दहा फुटांवरून मोटोरोलाचा झूम आणि एचपीचा टचपॅड दाखवले असते, तर ते वेगळे ओळखू आले असते का? दोन कंपन्यांचे टीव्ही बंद करून शेजारी ठेवले तर? ओळखता येत नाही एवढ्यावरून नक्कल सिद्ध होत असेल, तर जगातले सगळे टीव्ही एकमेकांची नक्कल ठरतील. दुसरा प्रश्न त्याहून मुळातला. डिझाइन पेटंटच्या खटल्यात तुलना दोन वस्तूंची होत नाही. पेटंटमधलं चित्र आणि समोरच्याची वस्तू यांची होते. म्हणजे हातात धरायचा तो आयपॅड नव्हेच, धरायचा होता एक कागद.

या वादावर इंटरनेटवर ढीगभर लिहिलं गेलं. त्यातलं बरंचसं अ‍ॅपलप्रेमी आणि अँड्रॉइडप्रेमी यांच्या भांडणात वाया गेलं. मला त्या भांडणात रस नाही. मला मांडायचं आहे ते एवढंच, की ‘या दोन वस्तू किती सारख्या आहेत?’ हा प्रश्न अपुरा आहे. खरा प्रश्न आहे, ‘त्या कशामुळे सारख्या आहेत?’

चमच्यापासून टॅब्लेटपर्यंत

आधी थोडी पार्श्वभूमी. आपण ज्याला सहसा पेटंट म्हणतो ते एखादी गोष्ट कशी काम करते याचं असतं. त्याची मुदत अर्ज केल्यापासून २० वर्षं. अमेरिकेत याशिवाय डिझाइन पेटंट असतं, ते वस्तू कशी दिसते याचं. त्यात मजकूर जवळजवळ नसतोच, फक्त चित्रं असतात. त्या काळी त्याची मुदत १४ वर्षं होती, मे २०१५ नंतरच्या अर्जांना ती १५ वर्षं झाली. भारतात ‘डिझाइन पेटंट’ असा प्रकार नाही. तिथे डिझाइन कायदा, २००० खाली नोंदणी करावी लागते, ती १० वर्षं टिकते आणि ५ वर्षांनी वाढवता येते. पण मूळ कल्पना सगळीकडे सारखीच आहे: संरक्षण फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या रूपाला. जे रूप केवळ कामाच्या गरजेपोटी आलंय, त्याला नाही.

अमेरिकेतली कसोटी १८७२ मधल्या गॉरहॅम विरुद्ध व्हाइट या खटल्यातून आली. तो खटला होता चांदीच्या चमच्यांच्या दांड्यांवरच्या नक्षीचा. कोर्टाने ठरवलं, की सर्वसाधारण ग्राहक खरेदी करताना जेवढं लक्ष देतो तेवढं लक्ष देऊनही त्याची फसगत होत असेल, तर तो डिझाइनचा भंग. चमच्याच्या दांडीसाठी ही कसोटी उत्तम आहे. तिथे वेल कशी वळवायची, फूल कुठे काढायचं, याला मर्यादा नाही. दोन कारागिरांची वेल एकाच ठिकाणी, तशीच वळली तर एकाने दुसऱ्याचं पाहिलं असण्याचीच शक्यता जास्त.

आता टॅब्लेट घ्या. अ‍ॅपलने मार्च २००४ मध्ये अर्ज केला आणि मे २००५ मध्ये त्यांना डी ५०४,८८९ या क्रमांकाचं डिझाइन पेटंट मिळालं. संशोधकांच्या यादीत स्टीव्ह जॉब्ज आणि जोनाथन आइव्ह ही नावं आहेत. चित्रात काय आहे? गोलसर कोपऱ्यांचा एक सपाट आयत. पुढची बाजू कडेपर्यंत सलग, काचेसारखी. आत पडदा, त्याभोवती सारख्या रुंदीची पट्टी. नक्षी नाही, बटणही नाही. गंमत म्हणजे २०१० मध्ये आलेल्या आयपॅडला पुढे गोल बटण होतं. तेव्हा निदान त्या एका बाबतीत तरी चित्राच्या जास्त जवळ होता तो बटण नसलेला गॅलॅक्सी टॅब!

मुशी आणि डॉल्फिन

आता या चित्रातली एकेक गोष्ट घेऊन विचारू, की ही अशी का आहे?

पडदा आयताकृती का? कारण त्यातले पिक्सेल आडव्या-उभ्या ओळींत असतात, आणि असे पडदे काचेच्या मोठ्या तावांमधून कापून काढतात. आयत कापला की वाया कमी जातं. पडद्याभोवती पट्टी का? कारण एलसीडीच्या कडेला द्रव बंद करणारं सील असतं, ओळींना विद्युतसंकेत पोहोचवणारी जोडणी असते. शिवाय हातात धरताना अंगठा कुठेतरी टेकवावा लागतो. तो पडद्यावर टेकला तर स्पर्श समजला जाणार. पुढची काच सलग का? कारण बोट कडेपर्यंत अडखळता सरकायला नको, आणि खाचेत धूळही साचायला नको. कोपरे गोल का? टोकदार कोपरा तळहाताला टोचतो, आणि पडल्यावर सगळा ताण त्या टोकाशी एकवटून काच तडकते. चारही बाजू सारख्या का? कारण यंत्र आडवं धरा, उभं धरा, आतला सेन्सर चित्र फिरवून देतो. पातळ का? कारण ते तासन् तास हातात धरायचं आहे.

एवढं वजा केल्यावर काय उरतं? कोपऱ्यांची नेमकी गोलाई, कडेचा आकार, पाठीचा बाक, लांबी-रुंदीचं गुणोत्तर, रंग, बटणाची जागा. डिझायनरला खरी मोकळीक असते ती इथे.

उत्क्रांतीचा अभ्यास करणाऱ्यांना हा प्रकार रोजचा आहे. मुशी आणि डॉल्फिन शेजारी ठेवा. दोघांचं अंग निमुळतं, दोघांच्या पाठीवर त्रिकोणी पर, दोघांना वल्ह्यासारखे पुढचे पर. दहा फुटांवरून पाण्यात पाहिलं तर भलेभले फसतील. पण मुशी हा मासा आहे आणि डॉल्फिन सस्तन प्राणी. पाण्यातून वेगाने पोहायचं तर अंगाचा असाच आकार परवडतो, म्हणून दोघे स्वतंत्रपणे त्याच आकाराला पोहोचले. डायनोसॉरांच्या काळातले इक्थिओसॉर हे सागरी सरपटणारे प्राणीही तिथेच पोहोचले होते. याला आम्ही अभिसारी उत्क्रांती म्हणतो.

मग खरं नातं कसं ओळखायचं? ज्या गोष्टींवर पाण्याची सक्ती नाही त्या पाहून. डॉल्फिनच्या परात आपल्या हातासारखी हाडं आहेत, बोटांसकट. मुशीच्या परात ती नाहीत. मुशीची शेपटी उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते, डॉल्फिनची आडवी असते आणि वर-खाली हलते. कामाच्या सक्तीतून आलेलं साम्य नात्याबद्दल फारसं काही सांगत नाही, हे खुद्द डार्विननेच सांगून ठेवलं आहे.

शाळेतल्या परीक्षेचं उदाहरण त्याहून सोपं. शेजारी बसलेल्या दोघांची बरोबर उत्तरं सारखी आली तर मास्तर काही म्हणत नाहीत. चुकीचं उत्तर अक्षर न् अक्षर सारखं आलं की दोघांना बोलावून घेतात. आयत, सलग काच, पट्टी, गोल कोपरे ही टॅब्लेटच्या परीक्षेतली बरोबर उत्तरं आहेत.

एकच वस्तू, अनेक निकाल

बरोबर उत्तराकडे अ‍ॅपलच्या आधीही कुणी पोहोचलं होतं का? होय. अमेरिकेतल्या नाइट रिडर या वृत्तपत्र कंपनीत रॉजर फिडलर यांनी ‘वृत्तपत्र वाचायची पाटी’ कल्पिली होती. १९९४ मधल्या त्यांच्या चित्रफितीत लोक ती हातात धरून बातम्या वाचताना दिसतात. ते चालू यंत्र नव्हतं, नमुना होता. पण डिझाइनच्या वादात रूपच महत्त्वाचं. पुढे २००२ च्या सुमारास आलेल्या कॉम्पॅकच्या टीसी १००० ला पुढे सपाट काच होती. सॅमसंगने तर १९६८ च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटातलं दृश्यही कोर्टापुढे ठेवलं. त्यात दोन अंतराळवीर जेवताना टेबलावरच्या सपाट पडद्यांकडे पाहत असतात.

डिसेंबर २०११ मध्ये न्यायाधीश को यांनी फिडलरचा नमुना आणि टीसी १००० यांच्याकडे पाहून म्हटलं, की हे पेटंट वैध ठरेल का याचीच शंका आहे. त्यांनी विक्रीवर बंदी घालायला नकार दिला. मे २०१२ मध्ये वरच्या कोर्टाने हे मत फिरवलं. फिडलरच्या पाटीची चौकट सगळीकडे सारख्या रुंदीची नाही, ती पडद्याहून वेगळी उठून दिसते, वरून सलग काच नाही, म्हणून एकूण दिसण्यात ती वेगळी आहे, असं त्यांचं म्हणणं. २६ जूनला बंदी आली. २४ ऑगस्टला ज्युरीने फोनच्या बाबतीत सॅमसंगला सुमारे १०५ कोटी डॉलरचा दणका दिला, पण गॅलॅक्सी टॅब १०.१ ने या टॅब्लेटच्या डिझाइनचा भंग केला नाही असं सांगितलं. १ ऑक्टोबरला बंदी उठली.

युरोपात तर आणखी मजा. तिथे पेटंट नव्हे तर युरोपीय संघाची डिझाइन नोंदणी होती, चित्रं साधारण त्याच आकाराची. ऑगस्ट २०११ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या कोर्टाने गॅलॅक्सी टॅब १०.१ वर तात्पुरती बंदी घातली. त्याच महिन्यात हेगच्या कोर्टाने टॅब्लेटच्या डिझाइनचा भंग झालेला नाही असं ठरवलं. जानेवारी २०१२ मध्ये ड्युसेलडॉर्फच्याच वरच्या कोर्टाने बंदी कायम ठेवली पण कारण बदललं: नोंदवलेल्या डिझाइनचा भंग नाही, ही अनुचित स्पर्धा आहे. जुलैमध्ये लंडनच्या न्यायाधीश कॉलिन बर्स यांनी सॅमसंगच्या बाजूने निकाल दिला.

एकाच नमुन्यावर एकच उपकरण दर वेळी वेगळा आकडा दाखवायला लागलं, तर लॅबमध्ये आपण नमुन्याला नव्हे, उपकरणाला दोष देतो. इथे देशोदेशीचे कायदे थोडे वेगळे आहेत, हे मान्य. तरी ‘एकूण छाप सारखी वाटते का’ हे उपकरण भरवशाचं नाही, हे यातून दिसतंच.

आणि डोळ्यांना फसवणं किती सोपं असतं! जर्मनीतल्या तक्रारीत जोडलेल्या एका चित्रात गॅलॅक्सी टॅबची लांबी-रुंदी १.३६ या गुणोत्तरात होती, हे नेदरलँड्समधल्या वेबवेरेल्ड या संकेतस्थळाने दाखवून दिलं. प्रत्यक्षात ते गुणोत्तर १.४६ आहे, आणि आयपॅड २ चं १.३०. मुद्दाम की अनवधानाने, या वादात मी पडत नाही. पण साध्या मोजपट्टीने जे सापडतं ते नुसत्या नजरेला दिसलं नाही, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

मला सगळ्यांत पटलेला निकाल बर्स यांचा. त्यांनी डिझाइनचे सात वेगवेगळे गुणधर्म मांडले, प्रत्येकासाठी आधीचे नमुने तपासले आणि डिझायनरला किती मोकळीक होती ते पाहिलं. पुढची बाजू सारखी आहे खरी, पण तशा पुढच्या बाजू आधीच पुष्कळ होत्या. फरक होता पाठीत आणि जाडीत. शेवटी ते म्हणाले, की सॅमसंगच्या टॅब्लेटमध्ये अ‍ॅपलच्या डिझाइनचा तो टोकाचा साधेपणा नाही, ते तितके ‘कूल’ नाहीत. सॅमसंग असा टोमणा खाऊन जिंकली! माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की त्यांनी कंट्रोल वापरला.

‘पण नक्कल तर केलीच ना?’

हा आक्षेप तुमच्या मनात आला असेल, आणि तो हलका नाही. गुगलने सॅमसंगला टॅब्लेटचं रूप आयपॅडपेक्षा वेगळं ठेवायला सांगितलं होतं, असं कोर्टापुढे आलेल्या अंतर्गत कागदपत्रांत होतं. सॅमसंगचा आयफोन आणि स्वतःचा फोन यांची पानोपानी तुलना करणारा १३२ पानी अहवालही पुढे आला. शिवाय २०१० पूर्वीचे बहुतेक टॅब्लेट जाडजूड आणि लेखणीने चालणारे होते. नंतरचे सगळे आयपॅडसारखे. ‘उघडच होतं’ असं आपण आज म्हणतो, ती पश्चातबुद्धी नाही कशावरून?

काही अंशी आहेच. पण त्याच काळात बोटाने चालणारे स्पर्शपडदे, कमी वीज खाणारे प्रोसेसर आणि चपट्या बॅटऱ्या आवाक्यात आल्या होत्या. पंखा, लेखणी, हार्ड डिस्क गेली की जाडी आपोआप उतरते. पाणी बदललं की मासेही बदलतात. अ‍ॅपल तिथे पहिल्यांदा नीट पोहोचली, आणि त्याचं बक्षीस तिला विक्रीतून मिळालं, तांत्रिक पेटंटमधूनही मिळू शकतं. रूपाच्या पेटंटने मात्र रूपाचंच रक्षण करावं. नाहीतर तंत्राची मक्तेदारी मागच्या दाराने येते.

आणि एक बारकावा लक्षात घ्या. डिझाइन पेटंटचा भंग सिद्ध करायला नक्कल केल्याचं दाखवावं लागतच नाही. तुम्ही ते चित्र कधी पाहिलं नसेल, स्वतःच्या डोक्याने त्याच आकाराला पोहोचला असाल, तरी तुम्ही दोषी ठरू शकता. म्हणून तर ‘कशामुळे सारखं?’ हे आधी विचारायला हवं. मुशीने डॉल्फिनवर दावा लावण्याआधी पाण्याची साक्ष काढा.

झळ कुणाला लागते?

सॅमसंगची काळजी करायचं कारण नाही. तीन महिन्यांची बंदी तिने पचवली. ती बंदी मिळवताना अ‍ॅपलला २६ लाख डॉलरचं हमीपत्र द्यावं लागलं होतं, दोघांच्याही दृष्टीने ही चिल्लर. अमेरिकेतल्या कायद्यात तर डिझाइनचा भंग झाला तर ‘संपूर्ण नफा’ भरपाई म्हणून देण्याची तरतूद आहे, ती १८८७ मध्ये गालिच्यांच्या खटल्यांमुळे आलेली. फोनच्या बाबतीत हा आकडा ३९.९ कोटी डॉलरवर गेला. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं, की नफा संपूर्ण फोनचाच धरला पाहिजे असं नाही, त्याच्या एखाद्या भागाचाही धरता येईल. २०१८ मध्ये दोघांनी तडजोड केली.

पण स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाजवळच्या एनटी-के या छोट्या कंपनीचं पाहा. तिने चीनमधून मागवलेले टॅब्लेट आयपॅडची नक्कल म्हणून अ‍ॅपलच्या तक्रारीवरून कस्टम्सने अडवून ठेवले. खटला लढून २०११ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला, पण तोवर माल अडकलेलाच. किती छोट्या कंपन्यांना एवढा दम निघेल? वकिलाची फी की पुढच्या महिन्याचे पगार, अशी निवड करायची वेळ आली की बरोबर असणाराही माघार घेतो. आणि मग तुम्हा-आम्हाला दुकानात दोनच नावं दिसतात.

म्हणून माझ्या मते तीन गोष्टी व्हाव्यात. एक, तुलना नेहमी तिहेरी असावी: पेटंटमधलं चित्र, आरोप असलेली वस्तू आणि आधीचा सर्वांत जवळचा नमुना. दोन, कामाच्या गरजेतून आलेले गुणधर्म आधी वजा करावेत आणि ती गरज वकिलांनी नव्हे, त्या क्षेत्रातल्या तंत्रज्ञांनी समजावून सांगावी. तीन, अंतिम निकालाआधी विक्री थांबवायची असेल तर हमीची रक्कम समोरच्याच्या खऱ्या नुकसानीएवढी असावी.

वारं थोडं त्या दिशेने वाहतंयही. मे २०२४ मध्ये अमेरिकेतल्या फेडरल सर्किट कोर्टाने मोटारीच्या मडगार्डवरून चाललेल्या एलकेक्यू विरुद्ध जनरल मोटर्स या खटल्यात एक जुना कडक नियम मोडीत काढला. डिझाइन ‘उघड’ आहे असं म्हणायचं तर आधी जवळजवळ तसाच एक नमुना दाखवा, असा तो नियम होता. याच नियमाच्या आधारे फिडलरची पाटी २०१२ मध्ये बाजूला पडली होती. आज तोच खटला उभा राहिला तर तिचं म्हणणं जास्त ऐकलं जाईल.

टॅब्लेटचा वाद थंडावला, पण पाळी येतच राहणार. मनगटावरची घड्याळं, कानातले इअरबड, आता चष्मे. या सगळ्यांचा आकार आपल्या शरीराने आधीच बराचसा ठरवलेला आहे. तेव्हा पुढच्या वेळी कुणी तुम्हाला दोन वस्तूंचे फोटो शेजारी ठेवून ‘बघा, हुबेहूब!’ म्हणालं, तर लगेच मान डोलवू नका. तिसरा फोटो मागा.